गुरुवारचा तक्ता

"हॅलो?… हां, बोल गं… ऐकू येतंय, पण तुटक तुटक. थांब, मी बाल्कनीत आहे, झाडांना पाणी घालत होते. आत येते… हां. आता बोल. अप्पा कसे आहेत?… चहा झाला?… बरं. मग काय काम काढलंस सकाळी सकाळी?"

फोन भावजयीचा होता. ओले हात टॉवेलला पुसत ताई खुर्चीत बसली. भावजय कामाशिवाय फोन करत नसे, आणि ताईही करत नसे. दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. पण दोन वाक्यांच्या पुढे गेलं की कुणाचा तरी आवाज बदलायचा, म्हणून दोघीही दोन वाक्यांतच आवरतं घेत.

आठ दिवसांपूर्वी ताईचे वडील, अप्पा, दोन महिन्यांसाठी धाकट्या भावाकडे राहायला गेले होते. त्यांच्या गोळ्यांचा तक्ता दोन्ही घरांत एकच असावा म्हणून ताईने एक सर्व्हर उभा केला होता. ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर घरी आणून, तीन आठवडे वाचत, चुकत, पुन्हा सुरुवात करत तिने तो चालू केला. इथे तिने तक्त्यात काही बदललं की तिथे भावाच्या लॅपटॉपवर आपोआप बदलायचं. कुणी कुणाला फोन करायला नको.

"लाल चौकट? कसली लाल चौकट?… वाच बघू काय लिहिलंय… 'सर्व्हरशी संपर्क होत नाही, पुन्हा लॉगिन करा.' हां, बरोबर आहे. आता जुना पत्ता चालणार नाही. बुधवारी नवा पत्ता पाठवला होता ना मी तुला… अगं मेसेज, मेसेज… नाही कसा आला? मी स्वतः पाठवलाय. तू बघितला नसशील… बरं, बरं. जाऊ दे. आता करून टाकू. लॅपटॉप समोर आहे ना?… मग बस खुर्चीवर. उभ्या उभ्या नाही व्हायचं हे.

"काही नाही गं, बुधवारी मी त्याला कुलूप घातलं. म्हणजे तुमच्या-आमच्यात जे जातं-येतं ते मध्येच कुणी वाचू नये… हो, अप्पांचे सगळे रिपोर्ट आहेत ना त्यात. कुलूप घातलं की पत्ता बदलतो. एवढंच… ती लाल चौकट आजच आली?… रविवारचा रक्तदाब लिहायला गेलीस तेव्हा. हां. नुसतं उघडून बघितलं तर काही बोलत नाही तो. लिहायला गेलं की विचारतो.

"आता त्या चौकटीत पत्ता लिहायचाय. जुना पुसून टाक आधी… पूर्ण पुस. हां. लिही. एच, टी, टी, पी, एस. शेवटी एस… मग दोन टिंबं, एकावर एक. मग दोन तिरक्या रेघा… नाही, त्या नाही, दुसऱ्या. उजवीकडे कललेल्या… प्रश्नचिन्हाच्या बटणावर असतील बघ… सापडल्या? मग इंग्रजीत अप्पा. ए, डबल पी, ए… हो, त्यांच्याच नावाने केलाय. मग एक टिंब. मग… अगं ओ गं, ओ. शून्य नाही. शून्य कशाला येईल मध्येच? दिवसभर दुकानात बसून लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतेस, आणि ओ आणि शून्य कळत नाही तुला?"

भावजय चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ताईला वाटलं, आपण गंमत केली. पलीकडे मात्र बटणांची टकटक थांबली.

"गंमत केली गं… बरं, पुढे. शेवटी पुन्हा दोन टिंबं आणि आठ, चार, चार, तीन… हो, आकडे. आता नाव. नाव तेच आहे, जुनंच. पासवर्ड नवा. तो मेसेजमध्येच… हां, मेसेज नाही आला म्हणतेस. लिहून घे मग. कागद घे… पेन चालत नाही? दुसरं घे… मी थांबते."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. लांबून अप्पांचं खाकरणं ऐकू आलं. ताईच्या पायाशी टेबलाखाली सर्व्हर घुमत होता. त्याचा पंखा हल्ली जरा मोठ्याने वाजायचा, पण तिला तो आवाज आवडायचा. घरात कुणीतरी आपलं काम मुकाट करतंय असं वाटायचं.

"सापडलं? घे. पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान…" तिने पासवर्ड एकेक अक्षर करत सांगितला, मग पुन्हा एकदा सांगितला. "आता 'पुढे' दाब. काय म्हणतंय?… 'या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का?' ठेव… अगं ठेव, घाबरतेस काय. बाहेरचा कुणी नाही, माझ्याच टेबलाखाली बसलाय. 'हो' म्हण.

"गोल फिरतंय?… फिरू दे. पाच-सहा फायली आहेत, जरा वेळ लागेल… झालं का?… झालं का?… हिरवी खूण? बघ! आली की नाही! एवढंच असतं ते. आता तक्ता उघड म्हणजे माझी खात्री पटेल. वरती कोपऱ्यात तारीख आहे. काय दिसते?… गुरुवारची. बरोबर. झालं तर मग.

"हो, बदललाय ना. गुरुवारी दुपारी बदलला मी. मंगळवारी तिकडे रक्त काढून नेलं होतं ना त्यांचं, त्याचा रिपोर्ट डॉक्टरांकडे आला आणि त्यांचा मला फोन आला. रक्त फारच पातळ झालंय म्हणाले. म्हणून गुरुवारी रात्री ती गोळी द्यायचीच नाही, आणि शुक्रवारपासून अर्धी. लिहिलंय की मी. ठळक अक्षरांत… हो, रक्त पातळ करायचीच ती, पांढरी…

"काय?

"परत सांग.

"पूर्ण एक?… रोज?

"गुरुवारी पण दिलीस?"

ताई उठून उभी राहिली. तिला स्वतःलाच कळलं नाही, कधी उठली ते.

"थांब, थांब. तू रोज रात्री तक्ता उघडून बघत होतीस ना? मी सांगितलं होतं तसं?… बघत होतीस. काल पण?… आणि त्यात एक लिहिलेलं होतं… हो. हो, असणारच. म्हणजे तुझ्याकडे जुनाच राहिला. बुधवारपासून त्याच्यात नवीन काही आलंच नाही… नाही, तुला कसं कळणार. तो काही सांगत नाही. जे शेवटचं आलं असेल तेच दाखवत बसतो.

"एक मिनिट. मला मोजू दे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन रात्री."

पाणीपुरवठा कार्यालयात ताई नकाशे सांभाळायची. तीस वर्षं हेच काम. जमिनीखालच्या पाइपचा नवा नकाशा निघाला की साइटवरचा जुना मागवून घ्यायचा, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि मगच नवा द्यायचा. कारण जुना नकाशा साइटवर राहिला तर खोदणारा चुकीच्या जागी खोदतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची.

"अगं ऐक ना… ऐक. आधी श्वास घे. अप्पा कुठे आहेत आत्ता?… खुर्चीत. जागे आहेत? बोलतायत नीट?… बरं. आता मी विचारते त्याची नुसती उत्तरं दे. पडले का ते कुठे? डोकं आपटलं?… नक्की नाही? रात्री बाथरूमला जाताना?… बरं. दात घासताना रक्त?… आज? थोडं की…? पाणी गुलाबी झालं होतं. बरं. नाकातून?… नाही. अंगावर कुठे निळं-काळं?… हातावर. केवढं?… तळहाताएवढं?… कधीपासून आहे ते?… आत्ता दिसलं. बरं. शौचाला काळं झालं होतं का?… विचार त्यांना. लाजू नकोस गं, विचार… काय म्हणाले?… 'म्हातारपणी रंग कोण बघत बसतं.' त्यांना म्हणावं चेष्टा नको, ताई विचारतेय… बघितलं नाही. ठीक आहे.

"छोटू आहे घरात?… उठव. उठव त्याला. डॉक्टरांना फोन कर म्हणावं, त्याच्या फोनवरून, आत्ताच. नंबर तक्त्याच्या खालीच आहे. तू हा फोन ठेवू नकोस."

छोटू म्हणजे ताईचा भाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस केव्हाच गेले होते, पण घरात तो छोटूच होता. ताईला दार ढकलल्याचा आवाज आला, मग त्याचा झोपेतला जड आवाज, मग तोच आवाज एकदम चढलेला. शब्द कळत नव्हते. चढ तेवढा कळत होता.

ती सर्व्हरच्या पडद्यासमोर खाली बसली. कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत याची यादी तिथे होती. पहिली ओळ तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची. दुसरी ओळ भावाच्या लॅपटॉपची, आणि तिच्यापुढे आज सकाळी नऊ बावीस. आत्ताच जोडला गेला होता तो. तिने जुनी नोंद उघडली. त्याआधीचा संपर्क बुधवारी संध्याकाळी सहा दहाचा होता. त्यानंतर गुरुवार, शुक्रवार, शनिवार काहीच नाही. ही यादी चार दिवस इथेच होती. बघायला एक क्षण लागला असता.

"हॅलो? आहेस ना?… काय म्हणाले डॉक्टर?… हो. हो… आत्ताच्या आत्ता न्यायचं. गोळी बंद. बरोबर. जवळच्याच हॉस्पिटलात न्या, दहा मिनिटांत पोचाल. बोटातून रक्त घेऊन ते किती पातळ झालंय त्याचा आकडा लगेच सांगतात… हो, घेऊन जा लॅपटॉप पण, तक्ता दाखवता येईल… बरं, नको लॅपटॉप. कागदावर उतरव. त्यांच्या चपला पुढून बंद असलेल्या घाल, ठेच लागता कामा नये… छोटू का ओरडतोय एवढा?

"काय म्हणतोय तो?

"कुणी वाचला नाही?… मेसेज?"

आता भावाचे शब्द फोनमधून स्वच्छ ऐकू येत होते, आणि ते ताईला नव्हते. पलीकडे भावजय त्याला काहीतरी हळू आवाजात उत्तर देत होती. ताईच्या मनात आधी जे आलं ते तिला नंतर आठवायला नको वाटलं. तिला हलकं वाटलं होतं. छोटूने दोष कुठे ठेवायचा ते ठरवून टाकलं होतं, आणि तो दोष ताईवर नव्हता.

आपलं म्हणणं पक्कं करून घ्यावं म्हणून तिने फोन कानापासून काढला, स्पीकरवर टाकला आणि बुधवारचा मेसेज शोधला. मेसेज होता. पत्ता, पासवर्ड, खाली 'तक्ता उघडण्याआधी हे नक्की कर' अशी ओळ. सगळं अगदी व्यवस्थित लिहिलं होतं. आणि बाजूला एक बारीक लाल खूण होती. मेसेज गेला नाही. पुन्हा पाठवायचा का?

बुधवारी दुपारी ती कार्यालयाच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये होती. तिथे कधीच रेंज नसते. संध्याकाळी घरी जाऊन कुलूप घालायचं म्हणून मेसेज आधीच लिहून 'पाठवा' दाबलं होतं तिने, फोन खिशात टाकला होता आणि एकशे चाळीस नंबरचा नकाशा काढायला शिडीवर चढली होती.

"हां… हां, ऐकतेय… नाही, काही नाही, इथे जरा… बोल. चपला घातल्या?… डोकं दुखतंय का विचारलंस?… नाही. बरं. सावकाश उतरवा. लिफ्ट चालू आहे ना?… छान.

"काय?… कुठला मेसेज?

"आला असेल?… तुला आठवतंय आल्यासारखं?"

लाल खुणेवर बोट दाबून धरलं की 'काढून टाका' असा पर्याय येतो. बोट ठेवायला वेळ लागत नाही. पलीकडे भावजय म्हणत होती ते ताईने ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"ते… ते आपण नंतर बघू. आधी अप्पांना ने. गाडीत मागे बस त्यांच्याजवळ. फोन चालू ठेव, बंद करू नकोस. पर्समध्ये ठेवलास तरी चालेल."

लिफ्टचं दार वाजलं. मग बराच वेळ नुसती घरघर. मग मोकळ्या जागेतले आवाज, गाडीची दारं, पट्टा लावा म्हणून टिकटिकणारी सूचना. ताई खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरत होती. गाडी सुरू झाली. पुढच्या सीटवरून छोटू बोलत होता. तो ओरडत नव्हता आता, आणि ते जास्त वाईट होतं. एकच वाक्य तो फिरवून फिरवून म्हणत होता. मागच्या सीटवरून उत्तर येत होतं ते एकाच शब्दाचं. हो. हो. हो.

"हॅलो!… हॅलो! अगं ऐक! फोन घे हातात!… फोन स्पीकरवर टाक. छोटूला ऐकू जाईल असा टाक… टाक म्हणते ना.

"छोटू, तिला बोलू नकोस… ऐकून घे. तू गाडी चालवतोयस, पुढे बघ, आणि ऐक. तिला मेसेज गेलाच नव्हता… मेसेज. माझ्याकडून गेलाच नाही. तळघरात रेंज नव्हती. माझ्या फोनवर लाल खूण आहे. ती म्हणतेय तिला आठवतंय, तर ते तुझ्या ओरडण्यामुळे आठवतंय. आलाच नाही तर आठवेल कसा?

"हो, आत्ता बघितलं.

"नाही. आत्ता नाही. तुम्ही घरातून निघायच्या आधी बघितलं… हो. गप्प बसले. तू तिला बोलत होतास आणि मी ऐकत होते.

"…

"म्हण. काय म्हणायचं ते म्हण… हो, मी फोन करू शकले असते. गुरुवारी डॉक्टरांचा फोन आल्यावर एक फोन. दोन वाक्यं होती… नाही केला. फाइलमध्ये लिहिलं की झालं असं धरून चालले. फोन नको म्हणून तर तो सर्व्हर… हो. बरोबर आहे तुझं. सिग्नल बघ तू, सिग्नल बघ."

गाडीचा हॉर्न वाजला. मग एक वेगळाच, कोरडा, आरामात बोलणारा आवाज फोनजवळ आला.

"अप्पा?… हां अप्पा, मीच… नाही, भांडत नाही आहोत… गोळ्या जास्त झाल्या तुमच्या. माझ्यामुळे… हो, माझ्यामुळेच. इकडे बदललं आणि तिकडे पोचलंच नाही… काय?… 'मग रक्त पातळ झालंय तर मी धावायला हवं होतं.' अप्पा, चेष्टा करू नका हो. डोकं दुखतंय का?… मळमळ?… नाही ना? तिचा हात धरून उतरा. हातावर जोर देऊ नका, जिथे निळं झालंय तिथे… मी खाल्लं का? मी काय खाल्लं याचं काय आत्ता!… नाही खाल्लं अजून. खाते. खाते म्हटलं ना."

हॉस्पिटलात फोन पर्समध्ये गेला. त्यानंतरची पंधरा-सतरा मिनिटं ताईने पर्सच्या आतून ऐकली. चाकांची खुर्ची, कुणाच्या तरी भराभर पावलांचा आवाज, नाव-वय विचारणारी बाई, अप्पांनी वय दोन वर्षांनी कमी सांगितलेलं आणि भावजयीने ते सुधारलेलं. मग पडदा सरकवल्याचा आवाज. मग काहीच नाही. ताईने स्टुलावर ठेवलेला चहा उचलला, तो गार झाला होता, तसाच ठेवून दिला. फोन तिने एका कानाचा दुसऱ्या कानाला केला नाही. मध्ये एखादा शब्द निसटला तर?

"हॅलो?… हां! हां, बोल… किती?… साडेसात? दोन ते तीन असायला हवा ना तो… हो, माहीत आहे मला. मग काय म्हणाले?… इंजेक्शन. दिलं?… दिलं. बरं. आणि डोक्याचं?… तपासलं सगळं, हात-पाय, डोळे. तसं काही वाटत नाही म्हणाले. तरी फोटो काढणार. काढू दे. पोट?… दुखत नाही. उद्यापर्यंत ठेवणार… ठेवायलाच हवं. दर सहा तासांनी रक्त… हो, हो.

"ते काय म्हणाले, परत सांग?… 'आज आणलं ते बरं झालं.' आणखी दोन दिवस गेले असते तर… नको. पुढचं नको सांगूस."

ताई खुर्चीत बसली.

"कोण?… दे. दे त्याला… हां छोटू.

"…

"हो.

"…

"तुझं बरोबर आहे… नाही, वाद घालत नाही मी. दोन महिन्यांनी माझ्याकडे पाठवणार नाहीस, तर नको पाठवूस. तुझ्याकडेच राहू दे त्यांना… कायमचे? बरं… नाही, 'बरं' मी टोमणा मारून म्हणत नाही रे. मला दुसरं काही म्हणता येत नाहीये. डॉक्टरांना तुझा नंबर देते. यापुढे त्यांनी तुलाच फोन करावा… हो, आजच सांगते… भेटायला?… तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालास तर नाही… ठेवतोस?… बरं, तिच्याकडे दे. नाही, काही विचारायचंय मला. दे."

फोन हातातून हातात गेला. मग पावलं. दार उघडल्याचा, आणि मागे मिटल्याचा आवाज. कॉरिडॉरमध्ये आली असावी, कारण तिचा श्वास घुमत होता.

"हॅलो… एकटीच आहेस ना?… बरं. मला एवढंच सांगायचं होतं की मघाशी मी गप्प बसले ते… हं?… तुला काय सांगायचंय? तू आधी सांग.

"सांग ना. मी काही म्हणणार नाही.

"हातावरचं निळं?… ते आत्ता दिसलं म्हणालीस ना मघाशी?

"शुक्रवारी?

"शुक्रवारी सकाळी दिसलं तुला?… केवढं होतं तेव्हा?… रुपयाएवढं. आणि काल त्याच्या दुप्पट… अगं मग मला फोन का नाही…"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. पलीकडे ती बोलत होती, थांबत थांबत, आणि ताई ऐकत होती. एकदा तिने मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात फार कमी वेळा तिने असं केलं होतं.

"…काय लावलास? नंबर लावलास?

"दोनदा लावलास आणि कापलास.

"नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. 'ताई म्हणतील, एवढंही कळत नाही का.' तेच म्हणालीस ना?

"…

"हो.

"म्हणाले असते. अगदी तेच म्हणाले असते. 'हात धरताना जपून धरता येत नाही का तुला, एवढंही कळत नाही का.' याच शब्दांत… नाही, तुझी समजूत घालत नाहीये. खरं सांगतेय. आज सकाळीसुद्धा म्हणालेच की, ओ आणि शून्यावरून.

"रडू नकोस… अगं रडू नकोस ना. तुझं काय चुकलं त्यात? एखाद्या माणसाला फोन करायची भीती वाटत असेल तर ती चूक ज्याची भीती वाटते त्याची असते… हो, आहेच. छोटूला सांगितलंस शुक्रवारचं?… नको सांगूस. म्हणजे, सांगायचं असेल तर सांग, पण आज नको. आज त्याच्याजवळ माझ्यावरचा राग पुरेसा आहे, त्यात आणखी भर कशाला.

"तू काही खाल्लंस का सकाळपासून?… चहा पण नाही? मला वाटलंच. हॉस्पिटलात खाली काहीतरी मिळत असेल… तुला सोडून जाता येणार नाही, तेही खरं. छोटू तर अशा वेळी नुसता फेऱ्या मारतो.

"ऐक. मी डबा घेऊन येतेय.

"हो, आजच. आत्ताच. बस धरली तर तीन तासांत पोचते… रागावू दे ना. रागावायलाच हवा तो. मी वर येणार नाही, त्याच्यासमोर उभी राहणार नाही. खाली बाकावर बसेन. तू खाली ये, डबा घे, खा, आणि वर जा. अप्पांना सांगू नकोस मी आलेय म्हणून… बरं, त्यांना सांग. त्यांना कळेलच.

"अगं नाही, त्रास कसला… मला इथे बसून काय करायचंय? त्या टेबलाखालच्या सर्व्हरचा पंखा ऐकत बसू?

"कोण बोलावतंय? सिस्टर?… जा, जा मग. फोटोला नेत असतील… नाही, मी आधी ठेवणार नाही. मला जमणार नाही आत्ता. तू ठेव… अगं, तू ठेवलास तरच मी निघेन ना!"